पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा? जुन्या गाडीच्या टचअपचा इतिहास

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. जसं बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. फक्त मधले 'अं... अं...' आणि मागे ओरडणारा कोंबडा तेवढा काढून टाकलाय.)



आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. पांढरी गाडी आहे, दारावर चरा पडलाय. दुकानातून पांढरा रंग आणला, लावला. झालं काम?

मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या एका चऱ्यापायी मी गेल्या दिवाळीची अर्धी सुट्टी घालवली. त्यातून जे वाचलं, विचारलं आणि हाताने करून पाहिलं, ते आज सांगतो. यात फोर्डची गाडी येईल, दादासाहेब फाळक्यांची फिल्म येईल, मुंबईची काळी-पिवळी येईल आणि आमचं साखराही येईल.

अंगणातली एमएच-२२

साखरा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. तिथे अंगणात लिंबाखाली अण्णांची मारुती ८०० उभी असते. मॉडेल १९९८. नंबर प्लेटवर एमएच-२२, म्हणजे पासिंग परभणीचं. नव्या पोरांना प्रश्न पडतो, हिंगोलीचा नंबर तर एमएच-३८ ना? बरोबर आहे. पण हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. आमची गाडी जिल्ह्यापेक्षा मोठी आहे!

यंदा कापसाची बैलगाडी वळताना तिचा कोपरा डाव्या दाराला घासला. वीतभर लांब चरा, आणि दोन ठिकाणी थेट पत्रा दिसत होता. मी म्हटलं, "अण्णा, आता पूर्ण गाडीच रंगवून घेऊ. किती ठिगळं दिसतात बघा." खरंच होतं ते. बॉनेटवर एक पांढरा, मागच्या चाकावर वेगळा पांढरा, बंपरजवळ तर चक्क सायीसारखा पिवळट.

अण्णा म्हणाले, "रंगवायला जेवढे पैसे मागतील, तेवढ्याला गाडी तरी विकली जाईल का? चरा बुजव. बाकीचं राहू दे."

मी इंजिनिअर माणूस. कोड लिहिणारा. मला वाटलं, हा प्रश्न अगदी सोपा आहे, कारण गाडीच्या रंगालाही कोडच असतो. बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर लावलेल्या पट्टीवर तो सापडतो. मारुतीच्या त्या साध्या पांढऱ्याचं नाव सुपीरियर व्हाइट, कोड २६यू. मी ऑनलाइन २६यू ची छोटी बाटली मागवली, ब्रशने लावला, वाळू दिला आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

नव्या बनियनवर जुन्या बनियनचं ठिगळ असतं ना, त्याच्या उलटं दिसत होतं. जुन्या दारावर नवाकोरा, निळसर झाक असलेला पांढरा पट्टा. चऱ्यापेक्षा टचअपच जास्त डोळ्यात भरत होता.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला एका पेंटर चाचांकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, हात अजून स्थिर. त्यांनी दार पाहिलं, बाटली पाहिली आणि हसले. म्हणाले, "बेटा, हा कोड गाडीच्या जन्माचा आहे. तुझी गाडी आता सत्तावीस वर्षांची झाली."

हे वाक्य घेऊनच आपण इतिहासात जाऊ.

काळा का? कारण तो लवकर वाळतो

मोटारगाड्या आल्या तेव्हा त्या रंगवल्या जायच्या घोडागाड्यांसारख्या. तेलातला रंग, वर व्हार्निश, सगळं ब्रशने. एक थर लावायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा लावायचा. एक गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे जायचे. कारखाना दिवसाला शेकडो गाड्या बनवायला लागला की एवढ्या गाड्या वाळत ठेवायच्या कुठे?

फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली, तेव्हा ती वेगवेगळ्या रंगांत मिळायची. पण १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळी होती. त्या काळी वापरायचे तो काळा रंग डांबरासारख्या पदार्थापासून केलेला होता. भट्टीत भाजला की तो लवकर वाळायचा, टिकायचा आणि स्वस्तही पडायचा. म्हणजे काळा रंग कुणाची आवड म्हणून निवडलेला नव्हता. वाळायला लागणाऱ्या वेळाने तो निवडला होता.

ही कोंडी फोडली एका स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीने. अमेरिकेतल्या ड्यूपाँटचा मूळ धंदा बंदुकीच्या दारूचा. त्यांच्याकडे नायट्रोसेल्युलोज होतं, म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तयार होणारा पदार्थ. हो, कापूस! तोच, जो आमच्या बैलगाडीत भरला होता. प्रक्रिया जोरदार केली तर त्याची स्फोटकं होतात, बेताने केली तर फिल्म होते. १९१३ चा फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' नायट्रोसेल्युलोजच्याच फिल्मवर चित्रित झाला होता. आणि हाच पदार्थ योग्य द्रावकात विरघळवला तर फवारता येईल असा रंग होतो.

ड्यूपाँटने त्याचं नाव ठेवलं ड्युको. १९२४ च्या मॉडेलची ओकलंड नावाची जनरल मोटर्सची गाडी या रंगात आली, निळ्या रंगात. आठवड्यांचं काम तासांवर आलं. रंगीत गाड्या स्वस्तात बनवता यायला लागल्या. १९२६ च्या मॉडेलपासून फोर्डलाही काळा सोडून इतर रंग परत आणावे लागले.

आता गंमत बघा. ड्युको हे एका कंपनीच्या मालाचं नाव. पण आपल्याकडे आजही गॅरेजमध्ये, फर्निचरवाल्याकडे, कपाटाच्या दुकानात "ड्युको मारून देतो" असं म्हणतात. रंग कुठल्या का कंपनीचा असेना! झेरॉक्सचं किंवा डालड्याचं जे झालं, तेच ड्युकोचं झालं. शंभर वर्षांपूर्वीचा तो शोध आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे.

जो रंग ठिगळ आपल्यात घ्यायचा

ड्युकोत एक गुण होता, आणि आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

नायट्रोसेल्युलोज लॅकर वाळतो म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं, बस. दुसरी कुठलीही रासायनिक प्रक्रिया होत नाही. त्यामुळे वाळलेल्या रंगावर पुन्हा थिनरवाला रंग मारला की खालचा थर वरून थोडासा विरघळतो आणि नवा थर त्यात मिसळतो. दोन थर राहत नाहीत, एकच होतो. कडा दिसत नाही. वरून पॉलिश मारलं की ठिगळ कुठे संपलं आणि मूळ रंग कुठे सुरू झाला, हे पेंटरलाही सांगता यायचं नाही. थोडक्यात, तो रंग दुरुस्तीला मनाई करणारा नव्हता.

पण त्याचे तोटेही होते. चकाकी लवकर जायची, उन्हात तडे जायचे, सारखं पॉलिश करावं लागायचं. म्हणून पुढे भट्टीत भाजून पक्के होणारे इनॅमल रंग आले. नंतर हार्डनर मिसळून लावायचे दोन घटकांचे रंग आले. ते वाळताना त्यांच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते. एकदा ही जाळी विणली गेली की थिनरने ती सुटत नाही. रंग टिकाऊ झाला, ऊन-पाऊस सोसू लागला. पण आता नवा थर जुन्यावर नुसता बसतो, त्यात मिसळत नाही. कडा राहते. ती घासून, पॉलिश करून फक्त लपवता येते.

१९६० च्या दशकात फोर्डने आणखी एक पद्धत रुळवली. गाडीचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा, म्हणजे सांदीकोपऱ्यांतही थर चढतो. १९८० च्या दशकात खाली रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट ही पद्धत सर्रास झाली. आजच्या नव्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून जाडी भरते साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी. आपला चरा या पानातल्या कितव्या थरापर्यंत गेलाय, हे आधी बघायचं. नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा बहुतेक वरच्या थरातच आहे, रबिंग कंपाउंडने निघू शकतो. नख अडकलं तर रंग लागेल. पत्रा दिसला तर आधी गंजाचं बघावं लागेल.

कुर्ला, काळी-पिवळी आणि ८००

आता आपल्याकडे येऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. तिथून आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्या निघाल्या, मग फियाट. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघाली आणि १९७० च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं.

पद्मिनी म्हटलं की डोळ्यांसमोर येते मुंबईची टॅक्सी. खाली काळी, वर पिवळी. टचअपच्या दृष्टीने ही जोडी फार सोयीची. काळ्यावर काळा लावला की फरक कमी दिसतो आणि पिवळं छत माणसाच्या नजरेच्या वर असतं. टॅक्सीवाल्याला पासिंगच्या आधी गाडी नीट दाखवावी लागायची. तेव्हा डबा, ब्रश नाहीतर गन घेऊन गल्लीतच काम उरकायचं. तिथे रंग ही हौस नव्हती, पोट होतं. रंग नीट नाही तर परवान्याचा प्रश्न. मुंबईत टॅक्सीच्या वयाला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. त्या हिशोबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आपल्या मराठवाड्यात मात्र 'काळी-पिवळी' म्हटलं की आजही टॅक्सी नाही, जीप आठवते. आत दहा, मागे लटकलेले चार, आणि बोनेटवर तीन छटांचा पिवळा.

मग आली मारुती ८००. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत ग्राहकाला मिळाली, चावी दिली इंदिरा गांधींनी. शेवटची ८०० बनली जानेवारी २०१४ मध्ये. ती पहिली गाडी पुढे कित्येक वर्षं घराबाहेर गंजत उभी होती. नंतर ती पुन्हा नव्यासारखी करून कंपनीच्या मुख्यालयात ठेवली गेली. एका गाडीला असा मान मिळाला. बाकीच्या लाखो ८०० च्या वाट्याला गावोगावचे चाचा आले, आणि त्या चालत राहिल्या.

सतरा माणसांचे डोळे

आता चाचांच्या वाक्याकडे परत येऊ. कोड जन्माचा, मग आजचा रंग कसा शोधायचा?

मी आधी काय केलं असेल? अर्थात, फोनवर दाराचा फोटो काढला आणि शहरातल्या एका रंगाच्या दुकानाला व्हॉट्सॲप केला. "हा रंग बनवून द्या." समोरून फक्त हसण्याचा इमोजी आला.

त्यांचं बरोबर होतं. फोनचा कॅमेरा समोरचा पांढरा आहे तसा दाखवत नाही. प्रकाश पिवळा असो की निळा, पांढरी वस्तू पांढरीच दिसावी म्हणून तो स्वतःच रंग बदलून घेतो. म्हणजे नेमका आपल्याला हवा असलेला फरकच पुसून टाकतो. वर तुमचा स्क्रीन वेगळा, दुकानदाराचा वेगळा.

रंग आकड्यांत मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९३१ मध्ये ठरली. त्याआधी इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डी. राइट यांनी १० जणांवर आणि जॉन गिल्ड यांनी ७ जणांवर प्रयोग केले होते. समोर एक रंगीत प्रकाश दाखवायचा आणि लाल, हिरवा, निळा कमी-जास्त करून तो जुळवायला सांगायचा. त्या सतरा जणांच्या डोळ्यांवरून 'सर्वसाधारण माणसाला रंग कसा दिसतो' याचं गणित बसवलं गेलं. तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनचे रंग आजही त्याच गणिताच्या वंशातले आहेत. मोठ्या पेंट दुकानांत जे मशीन गाडीवर टेकवून रंग वाचतात, तेही याच घराण्यातलं.

पण मशीनने आकडा दिला तरी एक खोच उरते. दोन रंग ट्यूबलाइटखाली अगदी सारखे दिसतात आणि उन्हात नेले की वेगळे पडतात. कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. ती प्रकाश वेगवेगळ्या पद्धतीने परतवतात आणि एका विशिष्ट प्रकाशात तेवढी योगायोगाने जुळतात. म्हणून चाचांचा नियम असा: रंग जुळवायचा तो दुकानाबाहेर, सावलीत, दिवसाउजेडी. नंतर एकदा उन्हात बघायचा. संध्याकाळी अजिबात नाही.

आणि पांढरा सगळ्यांत अवघड. लाल रंगात थोडं इकडे-तिकडे झालं तर खपून जातं, पांढऱ्यात एक थेंब जास्त पडला तरी दिसतो. कारखान्यातला पांढराही निव्वळ पांढरा नसतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्यात काळ्या, पिवळ्या रंगाचे मोजके थेंब टाकून ती छटा बनवलेली असते. मग गाडी उन्हात उभी राहते, धूळ, धूर, साबण, पाऊस सोसते, आणि ती छटा सरकते. छताची वेगळी सरकते, दाराची वेगळी. म्हणजे एकाच गाडीला एकच पांढरा उरलेला नसतो.

ठिगळांचा हिशोब

चाचांनी माझ्या बाटलीतला रंग झाकणात घेतला. काडीच्या टोकाने पिवळ्याचा कण टाकला, ढवळला, काळ्याचा त्याहून छोटा कण टाकला. जुन्या पत्र्यावर ठिपका दिला आणि वाळू दिला, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. मान हलवली. पुन्हा एक कण. चौथ्या ठिपक्याला म्हणाले, "आता बघ." ठिपका शोधायला मला वाकावं लागलं.

मग गाडीभोवती फिरत ते सहज म्हणाले, "बंपरजवळचा हा तर घराचा ऑइल पेंट आहे." अण्णा हसले. "गेटचा. घर बांधलं तेव्हा उरला होता." बॉनेटवरचा पट्टा माझ्या बारावीच्या वर्षातला, मला परीक्षेला नेताना झाडाची फांदी पडली होती. मागच्या चाकावरचा आजीला दवाखान्यात नेलं त्या पावसातला, पुलाच्या कठड्याला घासलेला. मी ज्याला भद्दी ठिगळं म्हणत होतो, त्यांतल्या प्रत्येकाची तारीख अण्णांना पाठ होती.

मी ज्या 'पूर्ण रंगवून घेऊ'चा आग्रह धरत होतो, तो थोडा लाजेतून आलेला होता, हे तिथे उभं राहून कळलं. ऑफिसातल्या मित्रांच्या नव्या गाड्या डोळ्यांसमोर होत्या.

पण भावनेच्या भरात सगळंच तसं ठेवलं असं नाही. चाचांनी बंपरजवळच्या त्या ऑइल पेंटच्या फुगवट्यावर नख मारलं आणि पापुद्रा निघाला. खाली लालसर गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. वरून रंग लावून तो थांबत नाही, उलट झाकला जातो आणि आत पसरतो. १५ वर्षं झालेल्या गाडीची दर ५ वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते. पत्रा सडला तर ही गाडी पुढच्या वेळी टिकेल की नाही, हाच खरा प्रश्न होता. तेव्हा ठरलं: गंज दिसेल तिथे सगळं खरवडायचं. गंज नसेल ते ठिगळ राहू द्यायचं.

काम असं केलं

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात.

आधी गाडी शॅम्पूने धुवा, मेण-पॉलिश पूर्ण काढा, नाहीतर रंग धरत नाही. मग कापडाची चाचणी करा. कोपऱ्यात थोडं रबिंग कंपाउंड घासून बघा. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही. पांढऱ्या गाडीला गडद कापड घ्या. आमच्या कापडाला पांढरा लागला, म्हणजे क्लिअरची भानगड नव्हती. तुमच्या गाडीला क्लिअर असेल तर रंगावर क्लिअरचा वेगळा थर लागेलच. मेटॅलिक रंग असेल तर घरी फार अपेक्षा ठेवू नका. त्यातले चमचमणारे कण ब्रशने आणि गनने वेगवेगळे बसतात, त्यामुळे रंग बरोबर असूनही वेगळा दिसतो.

गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. त्यावर प्रायमर. मग रंग, पण ब्रशने ओढायचा नाही. बारीक ब्रशच्या टोकाने किंवा टूथपिकने चऱ्यात सोडायचा. पातळ थर, वाळू द्यायचं, पुन्हा पातळ थर. रंग वाळताना आक्रसतो, म्हणून शेवटी तो किंचित वर राहिला पाहिजे. चांगला आठवडाभर थांबा. मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवा आणि कंपाउंडने चमक आणा.

वेळही महत्त्वाची. मे महिन्यात दुपारी पत्रा तापलेला असतो, थिनर उडून जातं आणि रंग नीट पसरत नाही. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे लॅकरवर पांढुरके ढग येतात. आपल्याकडे दिवाळीनंतरची सकाळ, दव सुकल्यावरची, सगळ्यांत चांगली.

आमचं दार आता कसं दिसतं? चार पावलांवरून चरा दिसत नाही. जवळ जाऊन उन्हात तिरकं बघितलं तर कडा दिसते. दिसू दे. बंपरजवळचा गेटचा रंग गेला, त्याची जागा चाचांच्या पांढऱ्याने घेतली. बारावीची फांदी आणि आजीचा पाऊस अजून आहेत.

उरलेला रंग मी घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत भरून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. '२६यू' लिहिलं, मग ते खोडून अण्णांनी सांगितलं ते लिहिलं: 'डावं दार, दिवाळी २०२५'. दहा वर्षांनी हाही रंग जुळणार नाही, हे माहीत आहे. तेव्हा पुन्हा एक कण पिवळा टाकू.

तर मंडळी, तुमच्या घरात, शेतात, गोठ्यामागे एखादी जुनी गाडी असेल, स्कूटर असेल, ट्रॅक्टर असेल, तर एकदा तिच्याभोवती फिरा. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि एकेका ठिगळाची गोष्ट विचारा. व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा. निवडक गोष्टी पुढच्या भागात ऐकवू.

तोवर गंजाकडे लक्ष ठेवा. भेटू!